चुंबकाला कुठे घाबरावे आणि कुठे भुलू नये

एमआरआय करायला सांगितले की बरेच रुग्ण विचारतात, "डॉक्टर, त्या मशीनने शरीराला काही अपाय तर होणार नाही ना?" गंमत म्हणजे विचारणाऱ्याच्या मनगटावर कधी कधी "रक्ताभिसरण सुधारणारे" चुंबकाचे ब्रेसलेट असते आणि घरी पलंगावर हजारो रुपयांची चुंबकीय गादी. माझे मत स्पष्ट आहे. आपण चुंबकाला नको तिथे घाबरतो, नको तिथे त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि जिथे खरी काळजी घ्यायला हवी तिथे गाफील राहतो. असे का होते ते समजण्यासाठी चुंबक न चिकटता, दुरूनच कसा ओढतो हे आधी पाहू.

दुरून ओढणे म्हणजे काय?

टाचणीजवळ चुंबक नेला की ती टुणकन उडी मारते. मध्ये दोरी नाही, हात नाही. मग ओढले कोणी? मध्ये काहीच नसताना एका वस्तूने दुसरीला दुरून ओढावे ही कल्पना न्यूटनलाही गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत पटत नव्हती. एकोणिसाव्या शतकात मायकेल फॅरेडे यांनी वेगळा विचार मांडला. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरला की किसाच्या वक्र रेषा तयार होतात, हे आपण शाळेत पाहिले आहे. फॅरेडे म्हणाले, चुंबकाभोवतीची जागा रिकामी नसतेच. चुंबकामुळे त्या जागेलाच एक गुण येतो. यालाच चुंबकीय क्षेत्र म्हणतात. पुढे मॅक्सवेल यांनी ते गणितात बसवले.

म्हणजे टाचणीला दूरचा चुंबक थेट ओढत नाही. टाचणी जिथे आहे तिथले क्षेत्र तिच्यावर बल लावते. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तुमच्या जागी क्षेत्र किती तीव्र आहे हे महत्त्वाचे. साध्या चुंबकापासून थोडे लांब गेल्यावर अंतर दुप्पट झाले की क्षेत्र साधारण आठव्या हिश्शावर येते. दुसरी, तिथे असलेली वस्तू त्या क्षेत्राला दाद देते का? लोखंड देते. लाकूड, प्लास्टिक, सोने जवळजवळ देत नाहीत.

रक्तातल्या लोहाचे काय?

"रक्तात लोह असते, चुंबक ते ओढतो, म्हणून रक्ताभिसरण वाढते." हे वाक्य विक्रेते हमखास ऐकवतात. रक्तात लोह असते हे खरे. पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखे नसते. त्याचा एकेक अणू हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेला असतो. ऑक्सिजन घेतलेल्या रक्ताला चुंबक किंचित दूरच ढकलतो आणि ऑक्सिजन सोडलेल्या रक्ताला अगदी क्षीण ओढतो. दोन्ही बले इतकी नगण्य, की रक्ताच्या प्रवाहाला त्याचा पत्ताही लागत नाही.

पटत नसेल तर हा हिशोब करा. एमआरआयचे क्षेत्र बहुधा १.५ किंवा ३ टेस्ला असते. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. ब्रेसलेटचे क्षेत्र त्वचेखाली थोडे आत जाईपर्यंतच क्षीण होते. त्याने रक्त ओढले जात असते, तर एमआरआयमध्ये झोपलेल्या माणसाची काय अवस्था झाली असती? प्रत्यक्षात माणूस अर्धा तास आत पडून राहतो आणि उठून चालत घरी जातो.

काही जण विचारतील, नैराश्यावर डोक्याला चुंबक लावून उपचार करतात, त्याचे काय? तो उपचार खरा आहे. पण तिथे वेगाने बदलणारे, तीव्र क्षेत्र वापरतात. बदलत्या क्षेत्रामुळे मेंदूच्या पेशींत वीज निर्माण होते. गादीतला चुंबक नुसता स्थिर पडून असतो.

मग काळजी कुठे घ्यायची?

एमआरआयच्या दाराशी. त्यातला चुंबक द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या तारांचा असतो. त्या तारांत वीज अडथळ्याविना फिरत राहते. म्हणून तपासणी चालू नसताना, रात्री, लाइट गेल्यावरसुद्धा क्षेत्र असतेच. "मशीन बंद आहे, या आत" हे वाक्य कोणीही म्हटले तरी मानू नका. तातडीच्या वेळी हेलियम बाहेर सोडून क्षेत्र घालवता येते, पण तेही क्षणार्धात होत नाही.

दारात काही जाणवत नाही आणि दोन पावले पुढे गेल्यावर ओढ एकदम वाढते, कारण जवळ जाताना क्षेत्र फार झपाट्याने वाढते. हातातली वस्तू सावरायला वेळच मिळत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला, सिलिंडरसकट मशीनकडे ओढला गेला आणि दगावला. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात असाच सिलिंडर उडून आल्याने ६ वर्षांचा मुलगा गेला. दोन्ही ठिकाणी धोका दिसत नव्हता.

म्हणून एवढे कराच:

• पेसमेकर, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, हाडातले रॉड किंवा प्लेट असल्यास आधी सांगा आणि ऑपरेशनचे कागद सोबत आणा. बऱ्याच इम्प्लांटसह तपासणी करता येते, पण ठरवणार तज्ज्ञ.
• लेथ, ग्राइंडर किंवा वेल्डिंगचे काम करत असाल आणि डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर नक्की सांगा.
• साडीच्या सेफ्टी पिना, केसांतल्या पिना, किल्ल्या, मोबाईल, घड्याळ बाहेर ठेवा. मंगळसूत्राचे सोने ओढले जात नाही, पण फाशातली बारीक स्प्रिंग ओढली जाऊ शकते आणि धातूमुळे प्रतिमाही बिघडते. तेही उतरवा.
• सोबतच्या नातेवाइकांनाही हेच नियम लागू. सिलिंडर, साधी व्हीलचेअर, स्ट्रेचर आत नेऊ नका, कोणी सांगितले तरीही.

एवढी काळजी घेतली तर एमआरआय ही सुरक्षित तपासणी आहे. तिच्यात एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखे किरण वापरले जात नाहीत. आणि गुडघा दुखत असेल तर गादीचे पैसे वाचवा. तेच पैसे फिजिओथेरपीला आणि चांगल्या चपलांना घाला. पेसमेकर असणाऱ्यांनी तर चुंबकाचे पट्टे, गाद्या छातीजवळ आणूच नयेत, कारण जवळ आलेल्या चुंबकाने पेसमेकरचे काम बदलू शकते. ब्रेसलेटने फायदा होत नाही, पण अशा रुग्णाला नुकसान मात्र होऊ शकते.