‘प्लॅस्टिकच्या तांदळा’ची चर्चा

लोक काय बोलतात हे ऐकण्यास धान्याच्या पेढीवर बसणाऱ्यास दूर जावे लागत नाही. गेल्या काही वर्षांत सामरवरणीत व भोवतालच्या पाड्यांत आम्हां व्यापाऱ्यांस एक प्रश्न वारंवार विचारला गेला: रेशनच्या तांदळात प्लॅस्टिक मिसळतात, हे खरे काय? विचारणारा रुमालाच्या टोकात चार दाणे बांधून आणतो. दाणे किंचित निराळ्या रंगाचे, धुताना पाण्यावर तरंगलेले. शेजाऱ्याने मोबाइलवर चित्र दाखविलेले असते, आणि निकालही लागलेला असतो!

वस्तुतः तो दाणा तांदळाचाच. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात, वाळवितात आणि शंभर किलो तांदळास सुमारे एक किलो या प्रमाणात घालतात. खलात कुटला की त्याचे पीठ होते. प्लॅस्टिकचे होणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. सरकारी योजनांतून असा गुणसंवर्धित तांदूळ देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली, ती ह्याच कारणास्तव.

इतके सांगून गिऱ्हाइकास हसून वाटेस लावणारे आमच्यांत पुष्कळ आहेत. हे आम्हांस मान्य नाही. पोत्यात हात घालून नमुना पाहिल्यावाचून जो दाणा घेत नाही, त्याने शंका घेतली तर त्यास अडाणी का म्हणावे? शिवाय ह्या हसण्याखाली दुसरा एक रास्त प्रश्न दबून जातो.

आपल्या प्रदेशातील वारली, धोडिया, कोकणा ह्या समाजांत सिकलसेलचा रोग आढळतो. २०१८ च्या नियमांनुसार लोहयुक्त अन्नाच्या वेष्टनावर सूचना असावी लागे की, सिकलसेलच्या रोग्यांनी ते खाऊ नये व थॅलेसेमियाच्या रोग्यांनी वैद्यकीय देखरेखीखालीच खावे. २०२४ साली ही सूचना काढण्यात आली. थॅलेसेमियाच्या रोग्यास वारंवार रक्त द्यावे लागते. त्यातून शरीरात साचणाऱ्या लोहापुढे तांदळातील लोह नगण्य, आणि सिकलसेलमध्ये जास्तीचे लोह सहसा शोषलेच जात नाही, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. कारण पटण्याजोगे आहे. परंतु गिऱ्हाइकाच्या तोंडून ते आम्ही एकदाही ऐकले नाही. ऐकले ते एवढेच: “काल नको म्हणत होते, आज चालेल म्हणतात, ह्या तज्ज्ञांस काय कळते!”

नवा नमुना आला की भाव बदलतो. त्यावरून तराजू खोटा, असे बाजारात कोणी म्हणत नाही. मात्र भाव बदलल्याची वर्दी देणे हे विकणाऱ्याचे काम. घेणाऱ्याने ती हुडकीत फिरावे, हा व्यवहार नव्हे. सूचना काढताना तिचे कारण वारलीत, गुजरातीत, मराठीत प्रत्येक रेशन दुकानावर लावावयास हवे होते.

ते होईपर्यंत लोक आम्हांसच विचारणार, कारण डॉक्टरपेक्षा दुकान जवळ. दाणा कशाचा, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे; कोणी खावा, हे सांगण्याचा नाही. म्हणून रुमाल सोडणाऱ्यास आम्ही आधी विचारतो, घरात कोणास सिकलसेल आहे काय? ‘नाही’ म्हटले तर खल पुढे करतो. ‘आहे’ म्हटले तर दाणे पुन्हा रुमालात बांधून देतो आणि रोग्याचा तपासणीचा कागद घेऊन सरकारी दवाखान्यात जाण्यास सांगतो.