होळीचा सण, पण होळी नव्हे!

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. हा सण येतो फाल्गुन पौर्णिमेच्या तोंडावर. घरात पुरण शिजतं. मुलं सोंगं घेतात, आणि एका दुष्टाचं नाव निघालं रे निघालं की पाय आपटून, ओरडून नुसता गोंधळ घालतात. सांगा पाहू, कोणता सण?

"होळी!" आमच्या चौथीच्या वर्गानं एका सुरात उत्तर दिलं.

चूक! पण अगदीच चूक नाही हं. कारण हा सण पाळणारे लोक कोकणात पूर्वी त्याला 'होळीचा सण'च म्हणायचे. त्याचं मूळ नाव पुरीम, आणि तो पाळणारे म्हणजे आपल्या महाराष्ट्रातले ज्यू, बेने इस्रायली.

हे सगळं मी नुसतं वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. ठाण्याला माझी मावशी राहते. तिच्या शेजारी एक बेने इस्रायली आजी आहेत. २०२५ साली होळी आली १३ मार्चला आणि पुरीमही त्याच संध्याकाळी लागणार होता. (त्यांचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो.) मग काय, शाळेत रजेचा अर्ज दिला आणि संभाजीनगरहून रात्रीची गाडी पकडली.

सकाळी आजींकडे डोकावले, तर चूल थंड. "आज माझा एस्तेरचा उपास," त्या म्हणाल्या. मी आपलं विचारलं, "साबुदाणा आणून देऊ का?" आजी खो खो हसल्या. "अगं, आमच्या उपासाला पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही!"

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "चल, मशिदीत जाऊ." मी बघतच राहिले. पण बेने इस्रायली लोक आपल्या प्रार्थनामंदिराला, म्हणजे सिनेगॉगला, पूर्वीपासून मशीदच म्हणतात. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली मांडवी भागात झालं. त्याला 'जुनी मशीद' म्हणायचे आणि रेल्वेच्या मशीद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. ठाण्याचं सिनेगॉग टेंभी नाक्याजवळ आहे, १८७९ सालचं. त्याचं हिब्रू नाव शआर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार.

आत पाहते तो काय, तीन एस्तेर राण्या, कापसाची दाढी चिकटवलेला एक म्हातारबुवा आणि एक स्पायडरमॅन! पुरीमला मुलांनी सोंगं घ्यायचीच असतात. मधोमध कठड्याच्या उंच जागेवर एक गृहस्थ चामड्याची गुंडाळी उलगडून हिब्रूत वाचू लागले. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. आजी कानाशी लागून मराठीत सांगत होत्या. त्यांनी सांगितली ती गोष्ट अशी.

फार वर्षांपूर्वी इराणात अहश्वेरोश नावाचा राजा होता. त्याचं राज्य १२७ प्रांतांचं, हिंदुस्थानापासून आफ्रिकेतल्या कूश देशापर्यंत. (बघा, आपला देश गोष्टीच्या पहिल्याच वाक्यात आला!) त्याची राणी एस्तेर. ती ज्यू होती, पण हे राजाला ठाऊक नव्हतं. तिला लहानपणापासून सांभाळलं होतं तिच्या चुलतभावानं, मर्दखयनं. राजाचा प्रधान होता हामान. सगळ्यांनी आपल्यापुढं वाकावं, असा त्याचा तोरा. मर्दखय काही वाकेना. एकट्या मर्दखयवर राग काढून हामानचं भागेना, म्हणून तो राजाकडं गेला. काय सांगितलं त्यानं? की तुमच्या राज्यात एक जमात जागोजाग पसरली आहे, तिचे रीतिरिवाज बाकीच्या सगळ्यांपेक्षा वेगळे आहेत, तिला जिवंत ठेवण्यात तुमचा फायदा नाही.

पहिला आरोप हाच. चोरी नाही, मारामारी नाही. रीतिरिवाज वेगळे!

राजानं फारशी चौकशीही न करता आपली अंगठी हामानला देऊन टाकली. या लोकांना कोणत्या दिवशी मारायचं, ते हामाननं चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठी म्हणजे 'पूर', म्हणून सणाचं नाव पुरीम. दिवस निघाला अदार महिन्याचा तेरावा. मर्दखयनं एस्तेरला निरोप धाडला, राजाशी बोल. पण राजानं बोलावल्याशिवाय त्याच्यासमोर जाणाऱ्याला देहदंड होता, मग ती राणी का असेना! राजानं सोन्याचा राजदंड पुढं केला तरच सुटका. एस्तेरनं तीन दिवस उपास केला आणि ती गेली. राजदंड पुढं आला. पुढं मेजवानीत तिनं राजाला सांगून टाकलं, ज्यांना मारायचं ठरलंय त्यांतलीच मी एक. हामाननं मर्दखयसाठी पन्नास हात उंच खांब उभारून ठेवला होता. त्याच खांबावर हामान लटकला! राजाचा पहिला हुकूम मागं घेता येत नव्हता, म्हणून दुसरा निघाला, की ज्यूंनी आपला जीव वाचवायला लढावं. ते लढले आणि वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आनंद केला. तोच पुरीम.

वाचताना 'हामान' शब्द आला की स्पायडरमॅनसकट सगळी पोरं धाडधाड पाय आपटत होती. त्याचं नाव कुणाच्या कानांवर पडताच कामा नये! आपण होळीला बोंब ठोकतो ना, तस्संच. हामानला दहा मुलगे होते. त्या दहाही जणांची नावं वाचणाऱ्यानं एका श्वासात म्हणायची असतात. ते काका लालेलाल झाले, पण म्हटली बुवा.

बाहेर आलो तर वाटेत होळीची लाकडं रचून ठेवलेली. हे दोन सण एकत्र कसे येतात, ठाऊक आहे? ज्यूंचे महिनेही आपल्यासारखे चंद्रावर चालतात, आणि ऋतू चुकू नयेत म्हणून त्यांच्यातही अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. त्यामुळं बहुतेक वर्षी दोन्ही सण एक-दोन दिवसांच्या फरकानं येतात. कधी अधिक महिन्याचं गणित जुळत नाही. २०२१ साली पुरीम होता २६ फेब्रुवारीला आणि होळी थेट २८ मार्चला!

दुसऱ्या दिवशी आजींकडून मावशीला ताट आलं. पुरीमला निदान एका स्नेह्याकडं खाण्याचे दोन तरी पदार्थ पाठवायचे आणि निदान दोन गरजूंना दान द्यायचं, असा नियमच आहे. वरचा रुमाल काढला. केळी आणि पुरणपोळ्या! रिकामं ताट परत कसं द्यायचं? मावशीनंही दिल्या तिच्या घरच्या पुरणपोळ्या. म्हणजे पुरणपोळ्या गेल्या आणि पुरणपोळ्या आल्या. फरक एवढाच, की आजींनी सोबत नारळाचं दूध दिलं होतं. त्यांच्याकडं मटणाच्या जेवणात दूध-तूप चालत नाही, म्हणून नारळ मदतीला धावतो.

आजींचं माहेर अलिबागकडचं. त्या लोकांत पिढ्यान् पिढ्या सांगतात, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. धर्माची पुस्तकं समुद्रात गेली. ते लोक गावोगाव राहिले आणि त्या त्या गावचे झाले. पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर. जुन्या हिंदी सिनेमांतले डेव्हिड तुमच्या आजी-आजोबांना विचारा. 'बूट पॉलिश'मधले ते प्रेमळ चाचा. त्यांचं आडनाव होतं चेऊलकर, म्हणजे चौलचे! पुस्तकं नव्हती, हिब्रूही विसरली, पण काही सण राहिले आणि त्यांना मराठी नावं मिळाली. खिरीचा सण, बिरड्याचा सण, होळीचा सण. एकाचं नाव तर 'शिळा सण'! हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात ही नावं नोंदवून ठेवली आहेत. मुंबईत शाळा काढणारे होते ते, म्हणून मला जरा जास्तच जवळचे वाटतात.

हे लोक तेलाचा घाणा चालवत. शनिवारी मात्र काम बंद. त्यांच्या धर्मात तो विश्रांतीचा वार, माणसालाही आणि घाण्याच्या बैलालाही. यांचेही रिवाज गावापेक्षा वेगळेच, नाही का? गावानं काय केलं? त्यांचं नाव ठेवलं 'शनवार तेली'. नाव ठेवलं, नावं ठेवली नाहीत. या दोहोंतला फरक तुम्ही मराठीच्या तासाला शिकला असालच. पुढं १९४८ साली इस्रायल देश झाला आणि बहुतेक जण तिकडं गेले. आज भारतात सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आतच असतील. तिकडं जाऊनही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं!

सोमवारी वर्गात हे सगळं सांगितलं. आता एक कबुली देते. आमच्या वर्गातला एक मुलगा शुक्रवारी दुपारी नमाजासाठी लवकर जातो. मुलांनी त्याचं नाव ठेवलंय 'शुक्रवार'. ते ऐकून तो हसत नाही, हे मला दिसत होतं. मी काही बोलले नव्हते. त्यातून चौथीच्या निरोप समारंभाच्या नाटुकल्यात तो राजा, आणि तालीम नेमकी शुक्रवारी दुपारी. "बाई, राजा बदला," असं दोघा-तिघांचं आधीपासून टुमणं चालू होतं.

गोष्ट संपल्यावर शेवटच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "बाई, शनिवारी गावातल्या कुणाचं तेल संपलं तर?"

मला सुचेना. पुस्तकात हे कुठंच नव्हतं. उत्तर दिलं तिच्या शेजारणीनं, "शुक्रवारीच आणून ठेवत असतील की!"

वर्ग जरा वेळ गप्प. मग 'राजा बदला' म्हणणाऱ्यांपैकीच एक जण उठला. "बाई, तालीम गुरुवारी घ्या ना. शेवटच्या तासाला."

गुरुवारी शेवटचा तास गणिताचा असतो. त्यामुळं त्याला राजाची काळजी होती की गणिताची भीती, ते मी अजून ठरवलेलं नाही. तालीम मात्र गुरुवारी झाली.