गार्डा सरोवराभोवतीच्या सायकल मार्गावरून वाद का?

इटलीतलं सर्वांत मोठं सरोवर म्हणजे गार्डा. त्याभोवती सुमारे १४० किलोमीटरचा सलग सायकल मार्ग करायची योजना आहे. दक्षिणेला सपाटी आहे, तिथे अडचण कमी. उत्तरेला मात्र डोंगरकडे थेट पाण्यात उतरतात. रस्ता अरुंद, त्यात बोगदे. गाड्यांच्या गर्दीत सायकल चालवणं धोक्याचं.

२०१८ मध्ये लिमोने गावाजवळ कड्याला धरून, पाण्याच्या वर सुमारे २ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. पर्यटकांनी तो उचलून धरला.

मग विरोध कशाला? दरडी, खर्च आणि कड्यांचं विद्रूपीकरण, ही तीन कारणं. विरोधक म्हणतात, अवघड टप्प्यात सायकली बोटीने न्या.

म्हणजे वाद सायकलींवरून नाही. सलग मार्गासाठी डोंगर किती पोखरायचा, यावरून आहे.