गोड? छे, बंदच केलंय!
साखर वाढलेल्या रुग्णाला ‘गोड खाता का?’ असं विचारण्यात अर्थ नसतो; उत्तर ठरलेलंच, ‘छे हो, बंदच केलंय!’ त्यापेक्षा काल उठल्यापासून काय काय पोटात गेलं ते विचारावं. मग सहा कप चहा निघतो, चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी निघते (उपवासाचं ते खाण्यात कुठे धरायचं!), आणि बायको हळूच सांगते, ‘रात्री चारदा लघवीला उठतात.’ दोन दिवस कडक पथ्य पाळून उपाशीपोटीची साखर ११० वर आणणारे बहाद्दरही भेटतात; पण एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची चहाडी करते. गुडघ्यात नुकतंच इंजेक्शन घेतलंय का, हेही विचारावंच. त्यात स्टिरॉइड असलं तर साखर काही दिवस चढते, आणि आळ येतो बिचाऱ्या जिलबीवर.