विश्लेषण : तुतारी हंस वाचला, पण तळ्यातल्या शिशाचे काय?

उत्तर अमेरिकेतील ‘ट्रम्पेटर स्वान’ या हंसाचे पुनरागमन ही वन्यजीव संरक्षणातील मोठी यशोगाथा मानली जाते. मात्र ती अजून पूर्ण झालेली नाही.

हा हंस ओळखायचा कसा?
चित्रांत दिसणाऱ्या हंसाची चोच नारिंगी असते, याची काळीभोर. नराचे वजन ११ ते १३ किलो, पंखांचा विस्तार दोन मीटरहून अधिक. श्वासनलिका छातीच्या हाडात वळसे घेऊन जाते, त्यामुळे आवाज तुतारीसारखा घुमतो. उडण्यासाठी त्याला पाण्यावर सुमारे १०० मीटर धावावे लागते. जोडी सहसा वर्षानुवर्षे टिकते. बीव्हर किंवा मस्करॅट या प्राण्यांच्या पाण्यातील घरांवरही ती घरटे बांधते.

तो संपत का आला होता?
कातडी, पिसे आणि लेखणीसाठी त्याची बेसुमार शिकार झाली. १९३०च्या दशकात अलास्का वगळता अमेरिकेत ७०हून कमी हंसांची नोंद उरली होती. १९१८च्या कायद्याने शिकारीला बंदी होतीच. १९३५मध्ये मोंटाना राज्यात ‘रेड रॉक लेक्स’ हे अभयारण्य झाले. पुढे अलास्कातही मोठी संख्या आढळली, अनेक राज्यांत हंस पुन्हा सोडले गेले. २०१५च्या गणनेत उत्तर अमेरिकेतील संख्या सुमारे ६३ हजार भरली.

मग अडचण कुठे आहे?
शेपटी वर, डोके पाण्यात, अशा अवस्थेत हा हंस तळाची मुळे उपटून खातो. अन्न दळण्यासाठी तो बारीक खडेही गिळतो. त्यांच्यासोबत जुने शिशाचे छर्रे आणि मासेमारीच्या गळाची शिशाची वजने पोटात जातात. थोडे शिसेही जीवघेणे ठरते. पचन थांबते, मान लुळी पडते आणि अन्न समोर असूनही पक्षी उपाशी मरतो.

उपाय काय?
पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यास अमेरिकेने १९९१मध्ये देशभर बंदी घातली. तेव्हाही विरोध झाला होता. पण पोलादी छर्रे आले आणि शिकार सुरूच राहिली. गळाच्या वजनांवर मात्र काही राज्यांतच निर्बंध आहेत. कथील आणि पोलादाचे पर्याय बाजारात असताना ही सवलत कशासाठी? बंदुकीपासून वाचवलेला पक्षी गळाच्या वजनाने मरत असेल, तर संरक्षणाचे काम अर्धवटच म्हणावे लागेल. देशव्यापी बंदी हाच त्यावरचा सरळ उपाय आहे.