‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे किती?

बीड जिल्ह्यात जून महिना उजाडला, की सर्वांचे डोळे आभाळाकडे लागतात. आष्टी, पाटोदा हे तर कमी पावसाचे तालुके. पेरणी झाली आणि पावसाने ओढ दिली, तर बियाणे वाया जाते. दुबार पेरणीसाठी पुन्हा उसनवारी करावी लागते.

पूर्वी हवामानाचा अंदाज रेडिओवर ऐकायचा. साऱ्या मराठवाड्यासाठी एकदोन वाक्ये असत. आता उपग्रह, रडार आणि स्वयंचलित हवामान केंद्रे यांच्याकडून येणारी अफाट माहिती संगणक झटपट तपासतो. २०१९ साली सुरू झालेल्या ‘मेघदूत’ या मोबाइल अ‍ॅपवर जिल्ह्याचा अंदाज व पिकांविषयीचा सल्ला मिळू लागला. विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले. शास्त्रज्ञांचे म्हणणे थेट बांधावर पोहोचू लागले, ही मोठीच सोय झाली.

पण ते कळते का? ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ हेच शब्द पाहा. आपण समजतो, चार थेंब पडतील. हवामान खात्याच्या भाषेत मात्र त्यांचा अर्थ ठरलेला आहे : त्या विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस होईल. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. पाऊस किती जागी पडेल, एवढेच हे शब्द सांगतात. किती जोराचा पडेल, हे नाही. तुरळक ठिकाणीही मुसळधार पाऊस होऊ शकतो! पेरणीपूर्वी तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा, असे कृषितज्ज्ञ सांगतात. नुसता ‘पाऊस’ हा शब्द वाचून चाड्यावर मूठ धरली, तर नुकसान शेतकऱ्याचेच. त्यातच ना नाव, ना तारीख, असे जुने संदेशही मोबाइलवर फिरत असतात.

म्हणून मला वाटते, प्रत्येक अंदाजाखाली त्यातील शब्दांचा अर्थ द्यावा. मागच्या आठवड्याचा अंदाज किती खरा ठरला, तेही सांगावे. अशाने लोकांचा विश्वास उडेल, अशी भीती काहींना वाटते. मला ती पटत नाही. आभाळ हुलकावणी देते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

आणखी एक मागणी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी उर्दू बोलतात. मराठीतला इशारा अब्बांना किंवा दादीला मुलेच वाचून दाखवतात. बीडसारख्या जिल्ह्यात तो उर्दूतही मिळावा. ‘तुरळक ठिकाणी’ला ‘कहीं कहीं’ म्हणता येईल. मात्र २५ टक्के हा आकडा सोबत हवाच.