धूळपाटीवरची कच्ची नोंद

जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर धूळ पसरून मुले बोटाने अक्षरे गिरवीत. चुकले की हात फिरवून पुन्हा लिहीत. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने आपल्या सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ हेच नाव दिले आहे. नोंदणीकृत सदस्याला स्वतःच्या नावाखाली ती उघडता येते. लेख तेथे तयार करावा आणि मगच मुख्य विश्वकोशात हलवावा, अशी ही सोय आहे. आधी कच्ची वही, मग खतावणी, ही रीत आपल्या पेढ्यांना नवी नाही.

गेल्या चातुर्मासात मी धूळपाटीवर माझ्या आजोबांविषयी लिहू लागलो. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. ‘दानशूर’, ‘गोरगरिबांचा आधार’ असे शब्द सहज उमटले. मग पेढीवरचाच प्रश्न मनात आला: या नोंदीची पावती कोठे आहे? विश्वकोशाला त्रयस्थाने छापलेला, पडताळता येईल असा पुरावा लागतो. माझ्याजवळ केवळ घरच्यांच्या आठवणी होत्या. शिवाय नातवाने आजोबांविषयी लिहिताना तराजू समतोल राहणे कठीण. तो लेख मी पुढे नेला नाही. मनाला लागले खरे.

त्यानंतर डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्यावर टिपण सुरू केले. ‘महान पंडित’ हे शब्द खोडले आणि नोंदी मांडल्या: जन्म १९०६, सदलगा, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन, आचार्य कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसार’चे संपादन, १९३५, निधन १९७५. विशेषण गेले, पण माणूस अधिक स्पष्ट दिसू लागला.

दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे. ही धूळपाटी म्हणजे तिजोरी नव्हे. ती कोणालाही पाहता येते आणि पुसलेला मजकूरही पानाच्या इतिहासात राहतो. म्हणून घरचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक तेथे लिहू नयेत. दुसरे, कच्चे टिपण म्हणूनही दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उतरवू नये. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर सामान्यतः ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. त्या हिशेबाने उपाध्ये यांच्या लेखनावर तो २०३५ अखेरपर्यंत आहे. माहिती घ्यावी, वाक्ये आपली असावीत.

आजोबांचे काय, असे आपण विचाराल. त्यांच्या आठवणी मी घरच्या वहीत लिहून काढल्या आणि त्यांचे जुने चोपडे माळ्यावरून उतरवून कोरड्या कपाटात ठेवले. उद्या एखाद्या अभ्यासकाने शाहूपुरीच्या गूळव्यापाराचा इतिहास लिहायला घेतला, तर ते चोपडे त्याच्या उपयोगी पडतील. त्यात आजोबांचे नाव आले, तर ते त्रयस्थाने लिहिलेले असेल. आपल्याही माळ्यावर असे चोपडे असतील. वाळवी लागण्यापूर्वी ते खाली उतरवावेत.